धाप फुप्फुसाची की पायांची? जुनाट श्वसनविकारात दुर्बलता कशी मोजतात

सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराचे, दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोघांचे वय ६५. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे जोराने फुंकण्याच्या चाचणीच्या, कागदावर दोघांचे आकडे सारखेच, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ४५ टक्के. औषधेही तीच. तरी एक जण थांबत थांबत का होईना, बाजारातून भाजी आणतो, एसटीच्या पायऱ्या चढतो. दुसऱ्याला खुर्चीतून उठायला हाताचा रेटा लागतो, आंघोळ करून आला की अर्धा तास आडवे व्हावे लागते, आणि गेल्या महिन्यात तो मोरीत घसरून पडला आहे. घरचे म्हणतात, "दम्याचा त्रास वाढलाय." मग पंप बदलला जातो. महिन्याभराने पाहावे तर परिस्थिती तीच.

या दुसऱ्या माणसाचे फुप्फुस पहिल्यापेक्षा जास्त बिघडलेले नाही. त्याचे बाकीचे शरीर खचले आहे. ताप, पडणे, एखादे लहानसे ऑपरेशन, असा धक्का बसला तर त्यातून सावरण्यासाठी स्नायूंत, हृदयात, भूक आणि पचनात, तोल सांभाळण्यात काही राखीव ताकद असावी लागते. ती एकाच वेळी अनेक ठिकाणी आटली की त्या अवस्थेला वैद्यकात फ्रेल्टी म्हणतात. या लेखात आपण तिला दुर्बलता म्हणू. हे म्हातारपण नव्हे, कारण फुप्फुसाच्या रुग्णात ती पन्नाशीतही दिसते, विशेषतः क्षयरोगाने आधीच फुप्फुस खराब केलेले असेल तर. आणि हे अपंगत्वही नव्हे. अपंगत्व येण्याच्या आधीची ही पायरी आहे, म्हणून तर ती वेळेवर ओळखण्यात अर्थ आहे.

दुर्बलता मोजण्याचा आग्रह का, याचे उत्तर लंडनमधल्या एका अभ्यासात मिळते. २०१६ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. श्वसन पुनर्वसनासाठी, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाच्या कार्यक्रमासाठी, पाठवलेल्या सीओपीडीच्या ८१६ रुग्णांची त्यात तपासणी झाली. जवळजवळ २६ टक्के रुग्ण दुर्बल निघाले. कार्यक्रम अर्ध्यावर सुटण्याची शक्यता दुर्बल रुग्णांत इतरांच्या दुप्पट होती. पण ज्या ११५ दुर्बल रुग्णांनी कार्यक्रम पूर्ण केला, त्यांतले ७१ जण शेवटच्या तपासणीत दुर्बलतेच्या व्याख्येतून बाहेर पडले होते. सीओपीडीत आकुंचलेल्या श्वासनलिका पूर्ववत करणारे औषध आज कुणाकडे नाही. मांडीचा स्नायू मात्र परत येतो. भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यांतल्या बहुतेकांच्या मांडीची ताकद कधी कुणी मोजलेली नसते, आणि आमच्या मते ही मोठी चूक आहे. मोजायला लागते काय? घड्याळ, फीत, वजनकाटा आणि एक खुर्ची.

ताकद जाते कुठे

धाप लागते म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्याने मांडीचे स्नायू बारीक होतात. बारीक झालेला स्नायू थोड्या कामातच थकतो आणि तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतो, म्हणून पुन्हा धाप. हे चक्र सर्वांना कळते, पण त्याच्या जोडीला आणखी चार गोष्टी चालू असतात. फुगलेल्या छातीतून श्वास घ्यायलाच शरीर जास्त ऊर्जा खर्च करते. पोट भरले की छातीचा पडदा खाली सरकायला जागा उरत नाही, त्यामुळे रुग्ण अर्ध्या भाकरीवर हात धुतो. थिओफिलिन गटातल्या गोळ्यांनी मळमळते, भूक मरते. आणि आजार उफाळला की प्रत्येक वेळी पाच-दहा दिवस अंथरुणात जातात, वर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड पोटात जाते. स्टेरॉइड बराच काळ चालू राहिले तर ते नेमके कंबर आणि मांडीचे मोठे स्नायू खाते. खोकला थांबतो, पण गेलेली मांडी आपोआप भरून येत नाही. पुढच्या वेळी आजार उफाळतो तेव्हा माणूस आधीच एक पायरी खाली असतो.

हे फक्त सीओपीडीत होत नाही. फुप्फुस कडक करणारे आयएलडीचे प्रकार, ब्रॉन्किएक्टेसिस (कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिका), सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा आजार), क्षयानंतरचे फुप्फुस, सगळीकडे चित्र थोड्याफार फरकाने असेच.

पाच निकष, आणि ते कुठे फसतात

लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेली व्याख्या आजही सर्वांत जास्त वापरली जाते. पाच गोष्टी पाहायच्या: न ठरवता घटलेले वजन, सतत थकवा, हाताची कमकुवत पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त लागू पडल्या तर दुर्बल, एक किंवा दोन लागू पडल्या तर दुर्बलतेच्या उंबरठ्यावर.

पद्धत चांगली आहे, पण ती अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या लोकांवरून बेतलेली आहे. फुप्फुसाच्या रुग्णात आणि आपल्याकडे ती जशीच्या तशी वापरली तर तीन ठिकाणी गोंधळ होतो.

पहिला गोंधळ वजनाचा. वर्षभरात दहा पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो घट, हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. ४५ किलोच्या बाईचे साडेचार किलो जाईपर्यंत थांबलो तर तिचा दहावा हिस्सा गेलेला असतो. मूळ व्याख्येतच वर्षभरात ५ टक्के घट असा दुसरा पर्याय आहे, आणि आपल्याकडे तोच वापरावा. ४५ किलोला ५ टक्के म्हणजे सव्वादोन किलो. जुने वजन कुणाला आठवत नसेल तर जुने केसपेपर काढा. तेही नसतील तर ब्लाउज, बांगड्या, पँटचा पट्टा किती सैल झाला ते विचारा.

वजनकाटा दोन प्रकारे खोटे बोलतो. फुप्फुसाच्या आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला की पायांत पाणी साठते, आणि स्नायू झिजत असताना वजन मात्र स्थिर राहते. म्हणून वजन घेताना नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून पाहा. खड्डा राहिला तर त्या दिवसाचे वजन जपून वाचा. दुसरे, स्टेरॉइडने चेहरा आणि पोट भरते, मांड्या मात्र काटकुळ्या होतात. असा रुग्ण "तब्येत सुधारली" अशी शाबासकी मिळवतो आणि खुर्चीतून उठू शकत नाही.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. वजन झपाट्याने घटत असेल तर दुर्बलतेचा शिक्का मारण्याआधी क्षय पुन्हा उलटला आहे का, फुप्फुसात गाठ आहे का, मधुमेह किंवा थायरॉइड आहे का, हे तपासलेच पाहिजे. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांना पर्याय नाही.

दुसरा गोंधळ थकव्याचा. मूळ पद्धतीत गेल्या आठवड्याबद्दल दोन प्रश्न आहेत: प्रत्येक काम रेटून करावे लागते असे वाटले का, आणि कामाला सुरुवात करायचेच त्राण नव्हते असे झाले का. आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस असे वाटले तर निकष लागू. धाप असलेला प्रत्येक रुग्ण यावर मान डोलावणार. म्हणून एक जोडप्रश्न विचारावा: "चालताना थांबता ते श्वास पुरत नाही म्हणून, की पाय गळतात म्हणून?" बरेच रुग्ण आधी "दम लागतो" म्हणतात, मग जरा विचार करून मांडीवर हात ठेवतात. सकाळी उठल्या उठल्याच, काहीही न करता, अंग गळून गेल्यासारखे वाटत असेल तर ते धापेने होत नाही. अशा वेळी उदासी, अपुरी झोप, कमी हिमोग्लोबिन यांचाही शोध घ्यावा.

तिसरा गोंधळ हालचालीचा. मूळ प्रश्नावलीत हिरवळ कापणे, गोल्फ, बोलिंग, टेनिस असे प्रकार आहेत. विदर्भातल्या शेतकरी बाईला अशा प्रकारांत एकही खूण करता येणार नाही, मग ती दिवसभर निंदणी करत असली तरी. त्याऐवजी तिची कालची आणि परवाची दिनचर्या उठल्यापासून झोपेपर्यंत विचारा. पाणी कोण भरते? गावात शेवटचे पायी कधी गेलात? पूर्वी जे काम स्वतः करत होता ते आता सुनेकडे किंवा मुलाकडे गेले आहे का, आणि कधीपासून? इतरांकडे सोपवलेल्या कामांची यादी रुग्णाच्या तक्रारींपेक्षा खरी माहिती देते, कारण तक्रार करायची पुष्कळांना सवय नसते.

घड्याळ आणि खुर्ची: एसपीपीबी

एकच चाचणी निवडायची असेल तर आम्ही शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी, म्हणजे एसपीपीबी निवडू. १९९४ पासून ती वापरात आहे, दहा मिनिटांत होते, आणि तिच्यात रुग्णाच्या सांगण्यापेक्षा त्याने करून दाखवण्याला महत्त्व आहे. तोल, चाल आणि खुर्चीतून उठणे असे तीन भाग, प्रत्येकाला ४ गुण, एकूण १२.

तयारी नीट करा. चाचणीच्या आधी नेहमीचा पंप घेऊन अर्धा तास झालेला असावा, जेवण होऊन तास-दोन तास उलटलेले असावेत. पाच-दहा मिनिटे शांत बसवून बोटाला ऑक्सिमीटर लावा. नखांवर मेंदी, नेलपॉलिश किंवा बोटे गार असतील तर आकडा चुकतो. दुसरे बोट घ्या, हात चोळून गरम करा. आकडा रुग्णाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे खाली असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर त्या दिवशी चाचणी करू नका. घरी ऑक्सिजन चालू असेल तर चाचणीही तेवढ्याच लिटरवर करा आणि तो आकडा लिहून ठेवा. नळी लांब नसेल तर सिलिंडर दुसऱ्याने सोबत न्यावा. चाचणीदरम्यान ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या खाली गेला तर थांबणेच शहाणपणाचे.

पहिला भाग तोलाचा. दोन्ही पाय जुळवून १० सेकंद उभे राहायचे, जमले तर १ गुण. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला बाजूने टेकवून १० सेकंद, आणखी १ गुण. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांच्या अगदी पुढे, एका रेषेत: १० सेकंद टिकले तर २ गुण, ३ ते १० सेकंदांच्या मध्ये १, त्याहून कमी ०. आधीची पायरी जमली नाही तर पुढची करायची नाही, थेट चालण्याकडे वळायचे. रुग्णाच्या बाजूला हाताच्या अंतरावर एक जण उभा हवाच. फुप्फुसाच्या रुग्णात तोलाचा भाग अनेक जण वगळतात, "याला काय चक्कर येते का" म्हणून. पण कमकुवत पाय आणि स्टेरॉइडने ठिसूळ झालेली हाडे एकत्र आली की पडण्याची किंमत खुब्याच्या हाडाने चुकवावी लागते. गेल्या वर्षात किती वेळा पडलात, हा प्रश्न इथेच विचारून घ्या.

दुसरा भाग चालीचा. जमिनीवर ४ मीटरचे अंतर चिकटपट्टीने आखा. शेवटच्या पट्टीच्या पुढे निदान एक-दोन मीटर मोकळी जागा ठेवा. पट्टीच्या लगेच पुढे भिंत असली की माणूस आधीच वेग कमी करतो आणि तुम्ही भिंत मोजता. रुग्णाने पहिल्या पट्टीला बोटे लावून उभे राहायचे आणि रस्त्याने चालतो तसे नेहमीच्या चालीने जायचे. पाय हलला की घड्याळ सुरू, पाऊल शेवटची पट्टी पूर्ण ओलांडून गेले की बंद. काठी वापरली तरी चालते. दोनदा चालवा, मध्ये दम खाऊ द्या, कमी वेळ धरा. ४.८२ सेकंदांपेक्षा कमी लागले तर ४ गुण, ६.२० पर्यंत ३, ८.७० पर्यंत २, त्याहून जास्त १, आणि जमलेच नाही तर ०. सैल स्लीपर घालून पाय ओढत चालणारा रुग्ण उगीच मंद ठरतो. अनवाणी चालवा किंवा पक्की चप्पल घाला, आणि पुढच्या वेळीही तेच करा. चालणाऱ्याच्या पुढे किंवा शेजारून चालू नका, तो तुमच्या वेगाने चालू लागतो. अर्धे पाऊल मागे राहा. आणि चालताना त्याच्याशी बोलू नका, श्वास बोलण्यात जातो.

तिसरा भाग खुर्चीचा, आणि फुप्फुसाच्या रुग्णात सर्वांत बोलका हाच. सरळ पाठीची, कडक बैठकीची खुर्ची घ्या, बैठक जमिनीपासून ४३ ते ४६ सेंटिमीटर. ती भिंतीला टेकवून ठेवा, कारण प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते. सोफा, पलंग, गादी घातलेली खुर्ची चालणार नाही. हात छातीवर घट्ट दुमडून आधी एकदाच उठायला सांगा. हाताशिवाय उठताच आले नाही तर इथेच थांबा, गुण ०. उठता आले तर पाच वेळा, जमेल तितक्या लवकर, पूर्ण सरळ उभे राहून पुन्हा पूर्ण बसायचे. "सुरू" म्हटल्यापासून पाचव्यांदा पूर्ण उभे राहीपर्यंतचा वेळ मोजा. ११.१९ सेकंदांपर्यंत ४ गुण, १३.६९ पर्यंत ३, १६.६९ पर्यंत २, ६० पर्यंत १, त्याहून जास्त ०.

इथे दोन चुका सर्रास होतात. काही जण पाचव्यांदा उभे राहिल्यावर घड्याळ थांबवतात, काही पाचव्यांदा बसल्यावर. एका दवाखान्यात एक पद्धत आणि दुसरीकडे दुसरी असेल तर रुग्ण न सुधारताच सुधारलेला दिसतो, किंवा उलट. दुसरी चूक म्हणजे शेवटचा सेकंद झाला की लगेच ऑक्सिमीटर काढून टाकणे. उठबशीनंतर रक्तातला ऑक्सिजन बऱ्याचदा थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात सर्वांत खाली जातो. ऑक्सिमीटर दोन मिनिटे तसाच राहू द्या. आणि उठताना श्वास धरून ठेवू नका हे आधीच सांगा: उठताना सोडायचा, बसताना घ्यायचा.

एकूण ९ किंवा कमी गुण म्हणजे शारीरिक क्षमता कमी आहे असे स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवले. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी थांबलेल्या रुग्णांत ७ किंवा कमी गुण ही दुर्बलतेची रेषा धरली जाते. पण बेरजेपेक्षा तीन आकडे वेगवेगळे पाहा, त्यातून जास्त कळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ५८ वर्षांच्या बाई, उंची १५० सेंटिमीटर, आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक, बिडी-सिगारेट कधीच नाही, तरी सीओपीडी. वर्षभरात वजन ४५ वरून ४२.५ किलो, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त घट. तोलात शेवटच्या स्थितीत ६ सेकंद टिकल्या, म्हणून ३ गुण. चार मीटर ५.६ सेकंदांत, ३ गुण. खुर्चीला १७.८ सेकंद, १ गुण. एकूण ७. पकड १५ किलो, म्हणजे मर्यादेखाली (पकडीच्या मर्यादा पुढे दिल्या आहेत). आणि आठवड्यातून चार-पाच दिवस कामाला हात लावायचे त्राण नसते. फ्रीड यांच्या पाचपैकी वजन, पकड, थकवा हे तीन निकष भरले, म्हणजे बाई दुर्बल आहेत. चाल फारशी वाईट नाही, पण खुर्चीत चारपैकी तीन गुण गेले. याचा अर्थ मांडी गेली आहे. मग पहिला प्रश्न असा: वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या किती वेळा झाल्या, आणि कुणी स्वतःहून दुकानातून आणून घेतल्या का? नुसते "अशक्तपणा आहे, टॉनिक द्या" असे म्हटले असते तर हा प्रश्न निघालाच नसता.

वेळ किंवा जागा अगदीच नसेल तर एकटी चाल मोजा. चार मीटरला ५ सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी झाला, तर पूर्ण तपासणी करायलाच हवी. सहा मिनिटे चालण्याची चाचणी मात्र याची जागा घेत नाही. ती फुप्फुस, हृदय आणि पाय यांची एकत्र क्षमता सांगते, नेमके काय कमी पडते ते सांगत नाही, शिवाय तिला ३० मीटरची मोकळी वाट लागते.

पकड आणि पोटरी

हाताची पकड डायनॅमोमीटरने मोजतात. फिजिओथेरपी विभागात तो असतो. बसून, कोपर काटकोनात, हात अंगाला लागून, तीन ते पाच सेकंद पूर्ण जोराने दाबायचे. दोन्ही हातांना तीन-तीन वेळा, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती, सर्वांत मोठा आकडा धरायचा. आशियाई गटाच्या मर्यादा पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो. त्याखाली म्हणजे कमी. फ्रीड यांच्या मर्यादा वजन-उंचीच्या प्रमाणानुसार बदलतात आणि पुरुषांसाठी थोड्या वर आहेत. कोणतीही एक घ्या, पण नोंदीत ती लिहा.

डायनॅमोमीटर नसेल तर शिंप्याची फीत घ्या. रुग्णाला बसवून, पाय जमिनीवर टेकवून, पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरखाली आकडा आला तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप निरर्थक.

पकड कमी असण्याचा औषधाशीही संबंध येतो. पावडरचे इन्हेलर जोराने आणि खोल ओढले तरच औषध आत जाते. दुर्बल रुग्णाचे श्वासाचे स्नायूही दुर्बल असतात, त्याची ओढ कमी पडते आणि पावडर तोंडातच राहते. कॅप्सूल फिरवून फोडणे, पंप नीट दाबणे हेही बोटांना जमत नाही. आकडे खराब आले तर त्याच बैठकीत रुग्णाला त्याचे इन्हेलर समोर घ्यायला लावा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावलेला पंप किंवा नेब्युलायझर हा बदल एवढ्यावरही ठरू शकतो.

नुसत्या नजरेने दिलेला आकडा

रुग्णालयात क्लिनिकल फ्रेल्टी स्केल नावाची १ ते ९ ची पट्टी वापरतात. रुग्ण काय काय स्वतः करतो हे विचारून डॉक्टर किंवा परिचारिका आकडा ठरवते. ५ पासून पुढे दुर्बल. घाईत ती उपयोगी आहे, पण तीत दोन अटी पाळाव्यात. ती ६५ वर्षांवरच्यांसाठी तपासलेली आहे, ४८ वर्षांच्या सिलिकोसिसच्या खाण कामगाराला तिचा आकडा चिकटवू नये. आणि आकडा आजच्या अवस्थेचा नसतो, आजार उफाळण्याच्या दोन आठवडे आधीच्या अवस्थेचा असतो. ऑक्सिजनवर निपचित पडलेल्या माणसाकडे पाहून ७ लिहिणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. तो पंधरा दिवसांपूर्वी शेतावर जात असेल. अतिदक्षता विभागाविषयीचे निर्णय कधी कधी अशा आकड्यावर झुकतात, म्हणून नातेवाइकांनी पूर्वीची दिनचर्या स्पष्ट सांगावी.

वेळेचा हा नियम सगळ्याच चाचण्यांना लागू आहे. आजार उफाळलेला असताना मोजलेले आकडे त्या आठवड्याचे असतात. घरी सोडताना एकदा जरूर मोजा, कारण कुणाला लवकर परत बोलवायचे ते त्यावरून ठरवता येते. पण पक्के मोजमाप सहा आठवड्यांनी, तब्येत स्थिर झाल्यावर.

मोजल्यावर काय

दुर्बल निघाला म्हणून रुग्णाला व्यायामातून वगळणे ही सर्वांत महाग चूक. फायदा त्यालाच सर्वांत जास्त होण्यासारखा असतो, फक्त सुरुवात खालून करावी लागते. पुनर्वसनाचा कार्यक्रम किमान सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली असावा, आणि त्यात चालण्याइतकेच मांडीचे व्यायाम असावेत. खुर्चीतून उठणे हाच पहिला व्यायाम: पाच ते आठ वेळा, बसून दम पूर्ण जिरेपर्यंत विश्रांती, असे दोन ते तीन संच, एक दिवस आड. हाताशिवाय जमत नसेल तर बैठकीवर घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एकेक घडी कमी करा.

जेवणात दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. ४५ किलोला किमान ५४ ग्रॅम. नुसत्या वरण-भाताने ते भरत नाहीत: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७, घट्ट डाळीच्या वाटीत ६-७. पोट लवकर भरते म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, आणि जेवताना पाणी कमी. घरी ऑक्सिजन असेल तर जेवतानाही नळी काढू नका.

दुर्बल रुग्ण कार्यक्रम सोडतो तो बहुधा कंटाळून नाही. मध्येच आजार उफाळतो, दवाखान्यात भरती होते, परत यायचे राहून जाते. म्हणून गैरहजर राहिला की त्याच आठवड्यात फोन करा, आणि दोन आठवडे गेले तरी जिथे थांबला तिथून एक पायरी खाली घेऊन पुन्हा सुरू करा. केंद्र दूर असेल तर घरी व्यायाम आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, पण पहिली तपासणी मात्र समोर बसवूनच.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. खुर्चीच्या चाचणीत साधारण १.७ सेकंद आणि चालीत सेकंदाला ०.१ मीटर एवढा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो, त्याहून कमी बदल मोजण्यातल्या चढउताराचा असू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर एवढे लिहून ठेवा: खुर्चीची उंची, पायात काय होते, ऑक्सिजन किती लिटर, घड्याळ कुठे थांबवले, शेवटचे स्टेरॉइड कधी घेतले. एवढे सगळे तेच ठेवून जर खुर्चीचा वेळ कमी झाला नसेल तर व्यायाम खरोखर होतो आहे का, प्रथिने पोटात जातात का, आणि कुठे पुन्हा स्टेरॉइड सुरू झाले आहे का, या क्रमाने विचारत जा.